बाबांचं गळू आणि उस्मानचाचांची पेटी

मंडळी, आज सकाळी बाबांना वडनेरहून बैलगाडीनं नांदुऱ्याच्या दवाखान्यात नेलं. पायाचं गळू कापायचं होतं. हृदय कमजोर म्हणून डॉक्टरांनी क्लोरोफॉर्मची भूल द्यायला नकार दिला. बाबा भीतीनं सारखा पाय मागे घेत होते.

त्यांच्या भजनातले जोडीदार उस्मानचाचा पेटी घेऊनच सोबत आले होते. कापताना पेटी वाजवू का, असं त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "वाजवा, पण पाय हलायला नको."

चाचा म्हणाले, "भाऊ, तू फक्त गात राह्य. मी पेटी सोडत नाई."

बाबा डोळे मिटून गाऊ लागले. चाकू लागला तेव्हा आवाज फाटला, पण गाणं थांबलं नाही आणि पायही हलला नाही.

पट्टी बांधल्यावर ते म्हणाले, "दुखलं तर खूप, पण अर्धं ध्यान पेटीतच होतं."

आता ते शांत झोपलेत. तुमच्या दुखण्यात अशी कोणी साथ दिली होती काय?