वारा धरणारी

माझी बायको गेली ते मला टाक्यावरून कळलं. लोकांना अशी बातमी फोनवर येते, कोणी दारात येऊन सांगतं. माझ्यापर्यंत ती लोखंडातून आली. धानोऱ्याच्या उत्तमभाऊंच्या उसाच्या ट्रॉलीचा दांडा मी वेल्डिंगने जोडत होतो, ज्याला पुढे ट्रॅक्टर अडकवतात तो. मशीनचा आवाज एकसारखा चालला होता आणि मधेच थुंकल्यासारखा फुटला. मी तोंडावरची काच वर केली. चार बोटं टाका साफ, पुढे नुसती भोकं. "रेखानी माय, वारा उना!" मी ओरडलो. मान वर करून पाहिलं, तर समोर उघडी तापी. इतकी वर्षं तिथे तिची पाठ असायची... ती खाली पडली होती, गोधडी अंगाखाली, गोधडीची दोन्ही टोकं मुठीत. शहाद्याचा डॉक्टर म्हणाला, पडायच्या आधीच गेल्या. मला वाटतं खरं असेल. ती जिवंत असती तर वारा आत आलाच नसता.

लोकांना हे समजायचं नाही, म्हणून सांगतो. प्रकाशा गावात नदीच्या अंगाला माझं वेल्डिंगचं दुकान आहे, तीन बाजूंनी पत्रा, चौथी उघडी, कारण ट्रॉल्या आत कशा घेणार. आधी रॉडचं मशीन होतं. रॉडला वाऱ्याचं काही नाही, त्याच्या अंगावर मसाला असतो, तोच लोखंडाला झाकतो. तेव्हा रेखाची माय दुकानात यायची नाही. तिचं घर, तिच्या शेळ्या, माझं दुकान. मग मी तारेचं मशीन घेतलं. पुस्तकात मिग म्हणतात, आम्ही सीओटू म्हणतो. तार आपोआप येते आणि बाटल्यातला गॅस वितळलेल्या लोखंडावर पांघरूण घालतो. वारा आला की पांघरूण उडतं, लोखंड हवा पितं, आणि गार होताना तीच हवा भोकं पाडून बाहेर निघते. हे मला आज माहीत आहे, तेव्हा नव्हतं. नवं मशीन आणि सगळा टाका चाळणीसारखा. मी बाटला बदलला, नोझलमध्ये चिकटलेले छर्रे खरवडले, पाइप पाण्यात बुडवून बुडबुडे पाहिले, लोखंडाचा गंज आणि रंग घासून काढला. भोकं तशीच. विकणाऱ्याला शिव्या दिल्या, नशिबाला दिल्या. त्यात ही चहा घेऊन आली आणि उजेड नको म्हणून माझ्याकडे पाठ करून, नदीकडे तोंड करून उभी राहिली. त्या वेळचा टाका साफ आला. ती कप घेऊन निघाली, पुन्हा भोकं. मी म्हटलं, "परत उभी राहा." ती उभी राहिली. साफ! ती हसत सुटली. म्हणे, "तुमी मशीन दखी ऱ्हायनात. वारा कोन दखी?"

तेव्हापासून ती दुकानात आली ती गेलीच नाही. तिच्या आईने शिवलेली जाड गोधडी होती, ती दोन्ही हात पसरून छातीपुढे धरायची. वारा गोधडीला दाबायचा, गोधडी तिला. मी जिकडे सरकलो तिकडे ती न बघता सरकायची. पत्रा उभा करून पाहिला, ताडपत्री बांधून पाहिली. पण तापीवरचा वारा एका जागी राहत नाही, आणि पत्र्याला ते कळत नाही. तिला कळायचं. मागून ठिणग्या लागायच्या. तिच्या सगळ्या साड्या पुढून धड आणि मागून भोकाभोकाच्या. रेखाच्या लग्नात बायकांना म्हणाली, "मन्हा मांगे कोनी उभं राहू नका, आब्रू जाई." मला टोमणा मारायची, "आक्खा जनम मन्ही पाठच दखी तुमी."

तोंड नदीकडे, म्हणून टाका होताना तिने कधी पाहिला नाही. पण तिने आवाज ओळखला. मशीन बरोबर लागलं असलं की कढईत भजी सोडल्यासारखी एकसारखी चरचर येते. तार जास्त सुटली की फटफट होते. ती तिकडूनच ओरडायची, "रेखाना बाप, लाह्या फुटी ऱ्हायन्यात!" मी तार कमी करायचो. एकदा माझा टाका इतका देखणा आला की मी तिला बोलावून दाखवला. तिने हातोडा उचलून दिला, "हाना." मी मारला. टाका पापुद्र्यासारखा उचलून आला. करंट कमी होता, लोखंड आत वितळलंच नव्हतं. ती म्हणाली, "हाई रुसीसन वर बठेल व्हतं. धरेल नही." दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. मग सगळं घासून पुन्हा केलं. घासल्याशिवाय इलाज नसतो. भोकांवरून दुसरा टाका ओढला तर वरून साफ दिसतो, भोकं आत राहतात, आणि भरलेली ट्रॉली चढाला लागली की तिथूनच तुटते.

म्हणूनच तो दांडा माझ्या उरावर बसला होता. दहावा झाला, तेरावा झाला, रेखा सासरी गेली, मुलगा सुरतला परतला. दांडा तिथेच. चार बोटं साफ टाका, तिथपर्यंत ती होती. पुढची भोकं, तिथे ती नव्हती. मधे केसाइतकी जागा. मी रोज जाऊन त्यावर बोट फिरवायचो. माझ्याकडे तिचा धड फोटो नाही, हे होतं... उत्तमभाऊ आले. बिचाऱ्यांनी दांड्यावरची भोकं पाहिली. मग म्हणाले, "बाबा, उसनी तोड सुरू व्हई ऱ्हायनी. तसंच रंग मारी द्या, मी हळू चालाडसू." मी म्हटलं, "आणि मागून मोटरसायकलवर येणारा? त्याच्या बायकोला काय सांगायचं?" ते गोधडीकडे बघून म्हणाले, "मी धरू का?" माणूस चांगला आहे. पण मी नाही म्हटलं. जोरातच म्हटलं.

ग्राइंडर लावला. भोकं एकेक उघडत गेली, आत आणखी होती, तळापर्यंत घासत गेलो. साफ टाक्याचीही थोडी कड घ्यावी लागते, नाहीतर नवा जोड धरत नाही. तीही घेतली. त्या केसाइतक्या जागेची खाली राख पडली आणि वाऱ्याने नेली. मग गोधडी दोन खिळ्यांना टांगून मशीन सुरू केलं. गोधडी फडफडली. भोकं. पुन्हा घासलं. पुन्हा भोकं. गॅस ठीक, नोझल ठीक, लोखंड ठीक. मला कारण माहीत होतं तरी मी बाटला उघडून बघत होतो.

शेवटी कोपऱ्यातलं जुनं रॉडचं मशीन ओढून काढलं आणि रॉडने भरलं. खरबरीत झालं पण धरलं. हातोडा मारला, हललं नाही. त्या दांड्यावर आता साडेतीन बोटं तिच्या वेळचा टाका आहे, पुढे माझा रॉड, आणि दोन्हीवर लाल रंग. ट्रॉली ऊस भरून रस्त्याने जाते. मी ती बघायला रस्त्याला बसत नाही.

सीओटूचा बाटला बंद केला आहे. काम येतं, रॉडने करतो. रॉडला वारा चालतो. रॉडला कोणी लागत नाही.

गोधडी खिळ्यावर आहे. रेखा मागच्या आठवड्यात आली तेव्हा म्हणाली, धुवून टाकते. मी हात लावू दिला नाही. गोधडीची वरची दोन्ही टोकं मुठीत धरून धरून पिळली गेली आहेत, घामाने काळी झाली आहेत. ती सरळ करून पाहिली. सोडली की पुन्हा तशीच वळतात, आत काही धरल्यासारखी...