राहायला जमेल का, हे बघायला उणे एकतीसमधलं विनिपेग

लोक जानेवारीत ऊन शोधत स्पेनला जातात. आम्ही नेदरलँड्समधल्या रायस्वाइकहून कॅनडातल्या विनिपेगला गेलो, तेही कुणी जबरदस्ती न करता. वाखनिंगनमधलं माझं गव्हावरचं संशोधनाचं काम उन्हाळ्यात संपतंय आणि विनिपेगच्या एका प्रयोगशाळेनं नोकरी देऊ केली होती. उत्तराला जानेवारीअखेरपर्यंत मुदत. नवरा अनिकेत म्हणाला, "उन्हाळ्यात कुठलंही गाव छान दिसतं. बघायचं तर हिवाळ्यातच." नऊ वर्षांच्या इराचा निकाल आधीच लागला होता: "आय अ‍ॅम नॉट मूव्हिंग." तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत किंवा डचमध्ये येतं. तिला रडवून न्यायचं नाही, एवढं आमचं दोघांचं पक्कं होतं.

भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसाची तयारी खूप आधी सुरू करा. अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावरून टोरोंटो, तिथे विमान बदलून विनिपेग. विमानतळावर माझी कॉलेजमधली सीनियर मनीषाताई घ्यायला आली होती. बाहेर पाऊल टाकलं आणि नाकातले केस गोठले. ताईच्या गाडीच्या पुढून एक वायर लोंबत होती.

"ताई, गाडी इलेक्ट्रिक आहे?" अनिकेतनं विचारलं.

"नाही रे. इंजिन गोठू नये म्हणून रात्री प्लगला लावायची. इथे सगळेच लावतात."

ताईच्या घरी पोचल्यावर आम्ही शहाण्यासारखे तिघांचे बूट पुढच्या दाराबाहेर ओळीनं काढून ठेवले. रायस्वाइकच्या फ्लॅटबाहेरही आम्ही तसेच ठेवतो. ताई गाडी लावून मागच्या दारानं आली, त्यामुळे तिला पत्ताच नाही. सकाळी बघतो तर बूट गायब. मी चोरीच्या गोष्टी करायला लागले, तेवढ्यात बेल वाजली. शेजारच्या डोरीनआजी तिन्ही जोड छातीशी धरून उभ्या होत्या.

"रात्रभर बाहेर होते, लाकूड झाले होते," त्या म्हणाल्या. "हीटरजवळ ठेवले. आता घाला."

ताई हसायला लागली. "अगं, पहिल्या वर्षी मीही हेच केलं. तेव्हाही यांनीच आणून दिले होते."

आजींनी इराकडे बघितलं. "मी आणि माझी नात दुपारी नदीवर स्केटिंगला जातोय. येतेस?"

नेदरलँड्समध्ये वाढलेल्या मुलीला हे विचारायचं म्हणजे काय! आमच्या घरामागचा कालवा गोठला का, हे ती दर हिवाळ्यात जाऊन बघते आणि तोंड पाडून परत येते. इथे गोठलेली अख्खी नदी झाडून ठेवलेली होती. चालायला पैसे पडत नाहीत, स्केट्स भाड्यानं मिळतात, मधेमधे ऊब घ्यायला खोपटी आहेत. थर्मलचे दोन थर घालाच. इरा पडली, उठली, पापण्या पांढऱ्या करून आजींच्या नातीमागे पळाली. वर लख्ख निळं आभाळ होतं. मी मात्र दहा मिनिटांत खोपटीत शिरले आणि खरं सांगते, घाबरून रडले. इथे सहा महिने असा हिवाळा मला झेपेल का?

रात्री ताईनं पिरोगी केले. उकडलेल्या करंज्याच, आत बटाटा. ठेच्याबरोबर झकास लागतात. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा बघितली, माणसं आवडली. परतीच्या विमानात इरा खिडकीला नाक लावून बसली. तिचं मत मी विचारलं नाही.

रायस्वाइकला परतून चार दिवस झाले होते. थंडी अंगातून गेली होती, नदीवरचा तो उजेड गेला नव्हता. तरी मी यादी करत बसले होते: पुणं आणखी लांब पडेल, अनिकेतच्या नोकरीचं काय, इराच्या मैत्रिणींचं काय. शाळा सुटायच्या वेळी तिला घ्यायला गेले, तर बाई म्हणाल्या, "अभिनंदन. मग कधी निघताय?"

"कुठे?"

"विनिपेगला. इरानं आज वर्गात सगळ्यांना सांगितलं."

इरा कोटाची चेन लावत होती, माझ्याकडे न बघता. 

"अगं, आधी मला तरी सांगायचं."

"यू वेअर स्टिल थिंकिंग, आई," ती म्हणाली.

घरी आल्यावर कोटसुद्धा न काढता मी प्रयोगशाळेला होकार कळवला.