मोरपंखी रंगाचा माग

माझी मच्छरदाणी एकदा एका बैलानं वापरली, आणि तेवढे दिवस मी पलंगावर डासांना रक्तदान करत पडलो होतो. हे ऐकलं की माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, बैल कोणाचा? इथं मी मुद्दाम थांबतो. चहा मागवतो. घाईघाईनं सांगून टाकावा असा तो बैलच नव्हता. तो आमच्या इवायाचा बैल होता, आणि मानाचा होता.

व्याह्याला आमच्या दारव्ह्याकडं इवाई म्हणतात. माझी मुलगी मी गावातच दिली, वरच्या आळीतून खालच्या आळीत. त्यामुळे इवाई आणि मी दिवसातून दोन-तीनदा समोरासमोर येतो आणि प्रत्येक वेळी एकमेकांची इज्जत काढतो. सोयरीकच तशी असते, आम्ही फक्त ती मन लावून निभावतो.

पोळ्याच्या दिवशी मात्र त्यांचं पारडं जड. मारुतीसमोर रस्त्यावर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, गावातले सगळे बैल सजून तिथं येतात, आणि तोरणाखाली पहिली उभी राहते ती इवायांची जोडी. हा मान त्यांच्या आजोबांच्या आधीपासूनचा. बाकीचं गाव बैलांना गेरू लावतं. मोरपंखी रंग लावायचा हक्क फक्त त्यांच्या जोडीला. एकदा एका नव्या जावयानं हौसेनं आपल्या बैलावर मोरपंखी ठिपके काढले होते, तर गावानं ते हौदावर नेऊन धुवायला लावले. तोरण तुटलं की पोळा फुटला. मग बैल घरोघरी ओवाळून घेत फिरतात, आणि प्रत्येक दारात पुरणपोळी खाऊन दुसऱ्या दारात जातात.

या सगळ्यात माझं काम झडत्या म्हणायचं. झडती म्हणजे पोळ्यात ललकारून म्हणायची यमकं. दोन आळ्या समोरासमोर उभ्या राहतात आणि एकमेकींना टोले हाणतात. वरच्या आळीचा आवाज मी. मला शेती बेताची जमते, हिशेब त्याहून बेताचा, पण हजार माणसांसमोर इवायाच्या मिशीवर यमक जुळवायला सांगा, मी झोपेतून उठून येईन.

तर लम्पीचं साल होतं. गुरांच्या अंगावर गाठी येतात, ताप चढतो, पाय सुजतात, जनावर खाणं सोडतं. नाल्यापलीकडच्या गावात हा रोग पोचला होता आणि आमच्या गावात अजून नव्हता. पोळ्याच्या आदल्या दिवशी गुरांच्या डॉक्टर मॅडम पारावर आल्या. कोल्हापूरकडच्या, तरुण, बोलणं एकदम सरळ.

"काका, हा रोग माशा, डास आणि गोचीड पसरवतात. आजारी जनावराच्या लाळेतून, नाकातल्या पाण्यातूनही जातो. उद्या बैल एकत्र आणायचे नाहीत. गुरं एका कळपात चरायला सोडायची नाहीत. हौदावर पाणी पाजायचं नाही. मी उद्या सकाळी लस घेऊन येते."

"माणसाले होते का, मॅडम?" मागून कोणीतरी विचारलं.

"माणसाला होत नाही."

"मंग दूध?"

"उकळून प्या. तसंही उकळूनच प्यायचं असतं."

"कोरोनात आमी घरात बसलो, आता बैलं बसतीन," मी म्हणालो. "मॅडम, बैलाले मास्क नाकावर लावाचा का शिंगावर?"

पार हसला. मॅडमही हसल्या, आणि मला वाटलं प्रश्न मिटला. पण इवाई उभे राहिले.

"म्हंजे तोरणाखाली जोडी न्याचीच नाही?"

"नाही न्यायची, काका."

"आमच्या बुढ्याच्या बुढ्यापासून जोडी कधी चुकली नाही."

मग जो वाद पेटला तो दिवे लागेपर्यंत चालला. तोरण बांधायचं की नाही, बांधलं तर कोणी बांधायचं, बैलाऐवजी नुसता नारळ फोडला तर चालेल का, मानाचं काय, देवाला काय वाटेल. शेवटी ठरलं की तोरण बांधू, पण बैल आपापल्या गोठ्यात राहतील. एवढा मोठा तह केल्याच्या आनंदात आम्ही सगळे घरी गेलो. हौदाबद्दल मॅडम काय म्हणाल्या होत्या, ते एकाही माणसाच्या लक्षात नव्हतं. पोळ्याचं नाव काढलं की आमच्या गावाला दुसरं काही ऐकूच येत नाही.

सकाळी बायकोनं गाय पाणी पाजून आणली. मी ओसरीवर दात घासत होतो.

"अवो, इकडं पाहा जरा," ती म्हणाली. "आपली गाय लाली लावून आली काहून?"

गाईचं मुस्कट मोरपंखी झालं होतं. मानेवरही एक हात लांब पट्टा. मला इतका आनंद झाला की मी चूळ भरायला विसरलो. इवायांनी चोरून रंग काढला होता आणि तो माझ्या गाईला लागला होता, म्हणजे पुढच्या दहा पोळ्यांच्या झडत्यांची सोय झाली. मॅडम लसीची पेटी घेऊन पारावर आल्याच होत्या. मी गाय ओढत तिकडे निघालो आणि वाटेतच यमक जुळवायला लागलो.

मॅडमनी गाय पाहिली आणि त्यांचं हसू गेलं.

"हा रंग ओला आहे. कुठून लागला?"

"हौदावरून, आणखी कुठून."

"आणि हौदाला कोणी लावला?"

आम्ही हौदावर गेलो. हौदाच्या काठावर मोरपंखी. शेजारच्या कडुलिंबाच्या खोडावर, जिथं बैल अंग घासतात, तिथं मोरपंखी. रात्रीच बांधून ठेवलेल्या तोरणाच्या बरोबर खाली मातीत मोरपंखी थेंब. तिथून खालच्या आळीकडं वळलेला माग, भिंतीच्या कोपऱ्याला एक फरकाटा, बाभळीच्या काटेरी कुंपणावर एक. आमच्या मागं गाव जमत गेलं. माग कोणाच्या दारात जाऊन थांबणार हे सगळ्यांना माहीत होतं, तरी एकानंही तोंड उघडलं नाही. मीसुद्धा नाही, यावरून प्रसंग ओळखा.

इवाई गोठ्याच्या दारात उभे होते. हात कोपरापर्यंत मोरपंखी.

"एकटाच गेलतो," ते म्हणाले. "फटफटलं तवा. एक बैल नव्हता तिथं. तोरणाखालून काढली जोडी, पाणी पाजलं न् घरी आणली. कोणाचं काय बिघडलं?"

मॅडमनी उजव्या हाताच्या बैलावरची झूल उचलली. खांद्यापासून पाठीपर्यंत, रंगाच्या खाली, सुपारीएवढ्या गाठी. त्यांनी ताप पाहिला. "चांगलाच चढलाय," एवढंच म्हणाल्या.

इवाई खाली बसले. "राती खांद मळतानी हाताले गाठी लागल्या होत्या. मले वाटलं गोमाशी चावली."

खांद मळणं म्हणजे पोळ्याच्या आदल्या रात्री बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात ते. वर्षभर जू ओढणाऱ्या खांद्याची ती माफी. त्या माफीतच त्यांच्या बोटांना तो रोग जाणवला होता, आणि मानापायी त्यांनी ती बोटं झटकून टाकली होती.

गावाला आता तोंड फुटलं. "साऱ्या गावाची ढोरं मारली तुमी!" "मान घ्या आता, मान!" एक जण म्हणाला, जोडी शिवाराबाहेर सोडून द्या. दुसरा म्हणाला, आधी यांना सोडा. इवाई बैलाच्या सुजलेल्या पायाकडं पाहत होते.

माझी मुलगी दारात उभी होती, सासऱ्याच्या मागं. ती माझ्याकडं पाहत होती. तिला माझे सगळे नाटकी चेहरे माहीत आहेत. आज कोणता काढणार, ते तिला पाहायचं होतं.

"मॅडम," मी विचारलं, "रंग जिथं लागला तिथं रोग लागला, असं का?"

"असंच नाही. पण जिथं रंग पोचला तिथं या बैलाची लाळ पोचली असेल, याच्या अंगावरच्या माशा पोचल्या असतील. ज्या जनावरावर हा रंग आहे, ते वेगळं बांधलं तर..." बोलता बोलता त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला. "अहो, हा रंग दुसरं कोणीच लावत नाही ना?"

"लावून दाखवा," मी म्हणालो.

मी परत हौदावर पळालो, काठावर चढलो, आणि पोटातून आवाज काढला:

"माशी बसली पाठीवर, गाठ उठली खांद्यावर,
रंग दिसला मुस्कटावर, पाणी पेलं कोणाच्या काठावर?
पाहा आपापलं ढोर, नका होऊ रे चोर,
ज्याच्या ढोराले मोराचा रंग, त्यानं बांधावं दूर!
हर बोला, हर हर महादेव!"

यमक जरा लंगडत होतं. पण पोळ्याच्या दिवशी झडती कानावर पडली की आमच्या माणसांचे पाय आपोआप हलतात. शिव्या थांबल्या आणि माणसं घराकडं धावली. मग जी मजा झाली ती मी मरेपर्यंत सांगेन. आत्ता आत्ता "आमी तं हौदावर जातच नाही" म्हणणाऱ्यांच्या गोठ्यातून एकेक निळं तोंड बाहेर यायला लागलं. एक म्हातारा शपथेवर सांगत होता, "मॅडम, माह्या म्हशीनं पाणी पेलंच नाही," आणि मागं म्हैस मोरपंखी जिभेनं नाक चाटत होती.

"मंग इवायाचा मुका घेतला का तिनं?" मी विचारलं.

रंग लागलेली गुरं दूर, एकमेकांपासून अंतरावर, शेतांच्या बांधावर बांधली. माझी गाय आणि इवायांचा डावा बैलही त्यातच. ज्यांना रंग नव्हता त्यांना मॅडमनी लस दिली. हौद रिकामा केला, घासला, चुना मारला. संध्याकाळी घरोघरी पुरण शिजत होतं आणि प्रत्येक गोठ्यातून कडुलिंबाच्या पाल्याचा धूर निघत होता. एवढ्या धुराचा पोळा मी पाहिला नव्हता.

उरला उजवा बैल. त्याच्यावर माशी बसली नाही पाहिजे, मॅडमनी बजावलं, कारण तीच माशी पुढं जाईल.

"जाळी हवी होती मोठी," त्या म्हणाल्या.

माझी बायको घरी गेली आणि पलंगावरची मच्छरदाणी घेऊन आली. माझ्या सासऱ्यानं लग्नात दिलेली, चार खुंटांची, गुलाबी काठाची.

"मी कुठं झोपू?" मी विचारलं.

"तुमाले गाठी येत नाही," ती म्हणाली. "मॅडमनं सांगतलं ना, माणसाले होत नाही."

पुढचे दिवस वाईट गेले. बैलानं वैरण सोडली. गाठी फुटल्या. माझी मुलगी विड्याची पानं, मिरे, हळद आणि गूळ वाटून गोळे करायची आणि सासरे ते बैलाच्या जिभेवर ठेवायचे. मॅडम येऊन इंजेक्शनं द्यायच्या, जखमा धुवायच्या. रोगी गोठ्यात जाणाऱ्यानं आपल्या गोठ्यात जायचं नाही, असा त्यांचा नियम होता. म्हणून माझ्या गाईचं सगळं बायकोनं सांभाळलं आणि मी इवायाकडं. मी रोज जायचो आणि रोज त्यांची इज्जत काढायचो. ते उत्तर द्यायचे नाहीत. हे मला त्या गाठींपेक्षा भयंकर वाटायचं.

एका दुपारी मी म्हणालो, "इवाई, गुलाबी मच्छरदाणीत तुमच्यापेक्षा बैलच नवरदेव दिसून राह्यला."

बैलाच्या मानेवर हात फिरवत ते म्हणाले, "मान गेला तं जाऊ द्या, इवाई. गावानं दुसऱ्याले द्यावा. हा राह्यला पायजे फक्त."

मी मच्छरदाणीत शिरलेली एक माशी बैलाच्या पाठीवरून हाकलली.

माझ्या गाईला चार-दोन गाठी आल्या आणि गेल्या. त्या म्हाताऱ्याच्या म्हशीला एवढ्यातेवढ्या. बाकी रंग लागलेल्यांपैकी कोणाला काही झालं नाही, आणि रंग न लागलेल्या एकाही जनावराला लम्पी शिवली नाही. नाल्यापलीकडं गुरं दगावली. आमच्या गावात एकही नाही! हे वाक्य मी मॅडमकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. त्यांनीही कंटाळा न करता म्हटलं, कारण त्यांनाही ते ऐकायला आवडत होतं.

उजव्या बैलाचा ताप उतरला, सूज ओसरली, जखमांवर खपली धरली. पण खाणं जेमतेम. दोन घास घ्यायचा आणि तोंड फिरवायचा. "खायला लागला की जिंकलो," मॅडम म्हणायच्या.

दिवाळीच्या तोंडावर त्यांनी मोकळीक दिली, आणि गावानं ठरवलं की राहिलेला पोळा करायचा. पंचांगात नसला म्हणून काय झालं? एका साध्या बुधवारी तोरण बांधलं. डफडं आलं. बैल रंगले. इवाई जोडी घेऊन आले आणि सगळ्यांच्या मागं, रांगेच्या शेवटाला उभे राहिले.

गाव त्यांच्याकडं पाहत राहिलं. मग निळ्या मुस्कटाच्या म्हशीवाला म्हातारा ओरडला, "अवो मानकरी, पुढं व्हा ना! का पंचांग पाहून राह्यले?" आणि रांग आपोआप दोन्ही बाजूंना सरकली. मधून वाट झाली. इवाई रडत त्या वाटेनं पुढं आले आणि रडता रडताच मला म्हणाले, "तुमी तोंड बंद ठेवा."

ठेवणार होतो का? जोडी तोरणाखाली उभी राहिली, मी छाती भरून श्वास घेतला, हात वर केला, पहिली ओळ म्हटली, आणि दुसऱ्या ओळीला माझ्याकडं कोणाचंच लक्ष नव्हतं. उजव्या बैलानं मान वर केली होती. खपल्यांनी भरलेला खांदा ताणून, जीभ बाहेर काढून, त्यानं तोरणातली आंब्याची पानं ओढली. एक. मग दोन. मग सगळा गुच्छच तोंडात धरून त्यानं असा हिसडा दिला की तोरण मधोमध तुटलं, आणि तो ते दोरीसकट कराकरा चावायला लागला.

"दोरी काढा! दोरी काढा!" मॅडम ओरडत पुढं धावल्या. त्या हसतही होत्या. इवायांनी एका हातानं दोरी ओढली, दुसऱ्या हातानं बैलाची मान घट्ट धरली. त्याच्या तोंडात पानं होती आणि तो आणखी मागत होता.

"पोळा फुटला!" कोणीतरी आरोळी ठोकली. डफडं कडाडलं, आणि सगळे बैल एकदम घरोघरी निघाले.