हत्तीचा दुसरा कान

बसचं इंजिन नुसतं ऐकून मिस्त्री सांगायचे, कुठे काय सैल झालंय. घरात मात्र ठार बहिरे, असं त्यांची लेक म्हणायची, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. डेपोच्या वर्कशॉपात उभा जन्म गेला. संध्याकाळी घरी यायचं, कोपरापर्यंत हात घासायचे, सोफ्याच्या एका टोकाला बसून टीव्ही लावायचा. दुसऱ्या टोकाला काकू. मांडीवर लोकरीचा गुंडा, डाव्या हातात क्रोशाची सुई आणि तोंड अखंड चालू. मिस्त्री मधूनमधून "हं" म्हणायचे. निवृत्त झाल्यावर फरक एवढाच पडला, की हे "हं" सकाळपासून सुरू झालं.

काकू म्हणजे मिस्त्रींची बायको, पण गल्लीला त्या "बाहुलीवाल्या काकू" म्हणूनच ठाऊक. डेपोत कुणाकडे मूल जन्मलं, की यांची सुई चालू. ससे, अस्वलं, दोन वेण्यांच्या बाहुल्या, एकदा तर ड्रायव्हरची टोपी घातलेलं माकड. द्यायचं आणि विसरायचं, विकायचा विषयच नाही. वाटपाचं काम अर्थातच मिस्त्रींकडे. डब्याच्या पिशवीत ससा घेऊन कामावर जाताना ते कुरकुरायचे, "अगं, मी मेकॅनिक आहे की खेळण्यांचा फेरीवाला?" काकू म्हणायच्या, "कान वर ठेवा त्याचे, दुमडतील."

तर अशा या काकूंचा जिन्यात पाय घसरला आणि डावं मनगट मोडलं. मोडायचं तर उजवं मोडायचं होतं, पण डावखुऱ्या माणसाचं नशीबही डावंच. प्लास्टर निघालं, हाड छान जुळलं, पण अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काही नीट मिटेना. डॉक्टरीणबाईंनी एक मऊ चेंडू दिला आणि स्पष्ट सांगितलं, "हा दाबायचा. हात वापरायचा. नाही वापरलात तर असाच आखडून बसेल, मग मला काही करता येणार नाही."

काकूंनी घरी आल्या आल्या चेंडू बाजूला ठेवला आणि सुई घेतली. लेकीला दिवस गेले होते आणि तिच्या बाळासाठी राखाडी हत्ती अर्धवट पडला होता. डोकं झालं होतं, सोंड झाली होती, चारही पाय, पोट, एक कान. राहिला होता दुसरा कान आणि शेपूट. एवढ्याशा कामासाठी का चेंडू दाबत बसायचं? पण सुई बोटांतून सटकली. परत धरली, परत सटकली. तिसऱ्यांदा ती सोफ्याखाली गेली, तेव्हा काकूंनी ती शोधलीसुद्धा नाही. हत्ती पत्र्याच्या डब्यात टाकला, झाकण लावलं आणि म्हणाल्या, "झालं माझं."

मिस्त्रींना वाटलं, रुसवा आहे, जाईल. पण काकूंनी चेंडूला हात लावला नाही तो नाहीच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बोलणं बंद केलं. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं "हो", "नको", "वाढू का". आयुष्यभर जी बडबड कानाआड केली, ती थांबल्यावर मिस्त्रींना घर खायला उठलं. टीव्हीचा आवाज वाढवून पाहिला. उपयोग शून्य.

लोकरीच्या दुकानातली बाई भेटायला आली. भली बाई. म्हणाली, "काकू, आणा इकडे तो हत्ती. एका दुपारचं काम. मी करून देते."

"नको," काकू म्हणाल्या. "परक्या हाताचा कान नको माझ्या हत्तीला. त्यापेक्षा एका कानाचा राहू दे."

घरात करमेना म्हणून मिस्त्री डेपोत चक्कर मारायला गेले. तिथे एका बसचं बॉनेट उघडं, भोवती तीन तरुण मेकॅनिक आ वासून उभे. मिस्त्रींना कोण आनंद! बाह्या सरसावून ते केबिनमध्ये चढले, आणि समोर काचेपाशी त्यांना एक ससा दिसला. लोकरीचा, विटलेला, एक डोळा नसलेला, पण दिमाखात बसलेला.

"हा कुणाचा रे?"

"माझा," ड्रायव्हर म्हणाला. दाढीमिशा असलेला चांगला आडदांड गडी. "म्हणजे काकूंनी केलेला. माझा जन्म झाला तेव्हा तुम्हीच आणून दिला होता ना बाबांकडे? आई सांगते, मी हा घेतल्याशिवाय झोपायचोच नाही. आता गाडीवर असतो. काकूंना सांगा हं, अजून धडधाकट आहे. आभार सांगा माझे."

"पोचवतो," मिस्त्री म्हणाले.

आणि मग, काय सांगावं, त्यांनी तो ससा आयुष्यात पहिल्यांदा हातात घेऊन नीट पाहिला. शेकडो वेळा पिशवीतून नेली असतील असली खेळणी, पण पाहिलं कधी? आता ते मिस्त्रीच्या नजरेने सांधा शोधू लागले. मान कुठे जोडलीय, पाय कुठे बसवलाय. सांधा सापडेना. इतकी वर्षं पोरांनी ओढलं, चावलं, धुतलं, तरी एक टाका हललेला नाही. आपण बसवलेल्या गिअरबॉक्सबद्दल छातीवर हात ठेवून हे सांगता येईल का? मिस्त्री खजील झाले. इतकं चांगलं काम रोज आपल्या शेजारी बसून चाललं होतं, आणि आपण बातम्या बघत होतो.

घरी येताना ते सायकलवाल्याकडून जुन्या ट्यूबचा तुकडा घेऊन आले. सोफ्याखालून सुई काढली. ती काडीसारखी सुई आपल्या जाडजूड बोटांत टिकायची नाही हे उघड होतं, म्हणून तिच्या मुठीला ट्यूबचं रबर घट्ट गुंडाळलं. चांगली स्क्रूड्रायव्हरसारखी जाड मूठ झाली. मग काकूंच्या शेजारी बसून म्हणाले, "शिकव मला. परका हात नकोय ना? हा घरचा आहे."

काकूंनी त्या सुईकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "डोकं फिरलंय का तुमचं?"

"फिरलंय. शिकव."

आता इथून पुढे जे झालं, त्याला शिकवणी म्हणायचं की कुस्ती, ते तुम्हीच ठरवा. काकू डावखुऱ्या, मिस्त्री उजवे. शेजारी बसून त्या जे दाखवायच्या, ते यांना प्रत्येक वेळी मनात उलटं करून घ्यावं लागायचं. दोरा इकडून म्हटलं की तिकडून यायचा. त्यात मिस्त्रींना काहीही सैल ठेवायची सवय नाही.

"अहो, तो टाका आहे, नट नाही! आवळताय काय?"

"सैल ठेवला तर सुटेल ना."

"सुटत नाही! पुढच्या फेरीत सुई कुठून घालणार, माझ्या डोक्यातून?"

पहिला कान झाला तो बाटलीच्या झाकणाएवढा आणि तितकाच टणक. दुसरा वाटीसारखा वळला. काकूंनी दोन्ही उसवायला लावले. मिस्त्रींच्या नाकी नऊ आले, पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती आणि ती ते गुपचूप मनाशी धरून होते. बायको ओरडत होती. म्हणजे बोलत होती!

पण कान काही होईना, आणि लेक तर बाळाला घेऊन रविवारी यायची होती. हो, बाळ एव्हाना जन्मलंसुद्धा होतं. हत्तीसाठी कोण थांबतंय? शुक्रवारी सहावा कान उसवल्यावर काकूंचा स्वर पुन्हा खाली आला. "जाऊ द्या आता," त्या म्हणाल्या. "तुम्ही केलंत एवढं पुष्कळ झालं. ठेवा डब्यात." आणि त्यांनी हात पदराखाली घेतला. आता हा डबा बंद झाला, तर तो हातही कायमचा पदराखाली जाणार, हे मिस्त्रींना कळून चुकलं.

"थांब, माझी मान आखडलीय तुझ्याकडे वळून वळून," असं काहीतरी पुटपुटत ते उठले. स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, टीव्हीकडे पाठ केली आणि बरोबर काकूंच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल असे बसले. "हं. आता एकदाच दाखव. सुई नको, नुसत्या हाताने."

काकूंनी नाइलाजाने हात पुढे केला. डावा. तो बरोबर मिस्त्रींच्या उजव्या हातासमोर आला.

"आत घाला," त्या म्हणाल्या. बोट पुढे गेलं, सुई पुढे गेली. "दोरा घ्या. बाहेर. परत दोरा. आता दोन्ही फासांतून काढा." ताठरलेलं बोट हळूहळू वळत होतं आणि समोरची सुई त्याच्यामागून तशीच वळत होती. मनात उलटं करायचं काही उरलंच नव्हतं. आरशात बघून भांग पाडावा इतकं सोपं.

"अहो," काकू म्हणाल्या, "जमतंय की."

"बोलू नकोस, फेरी चुकेल," मिस्त्री म्हणाले. आणि लगेच जीभ चावून, "नाही, नाही, बोल. तू बोल."

काकू बोलल्या. बोटाने टाके दाखवत, तोंडाने गल्लीच्या, लेकीच्या, जिन्याच्या, साऱ्या साचलेल्या गोष्टी सांगत राहिल्या. आणि मिस्त्री प्रथमच "हं" न म्हणता ऐकत राहिले, कारण समोर बसून तोंड चुकवायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी कान झाला. त्यांनी तो हत्तीच्या डोक्याला टाचला आणि हत्ती काकूंच्या हातात दिला.

काकूंनी हत्ती उलटासुलटा केला. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. मिस्त्री म्हणाले, "उसवू का?"

"खबरदार!" त्यांचे डोळे भरले होते. "अहो, हे बघा. एकाच हाताने दोन्ही कान केले, की टाके दोन्हींकडे एकाच बाजूला कलतात. एक कान नीट बसतो, दुसरा वाकडा मुरडतो. मग तो आतून टाके घालून ओढून धरायचा. जन्मभर तेच करत आले. आणि आज बघा, एक डाव्या हाताचा, एक उजव्या हाताचा. कसे समोरासमोर वळलेत! इतका सुरेख हत्ती माझ्या एकटीच्या हातून कधी झाला नाही हो."

मिस्त्रींनी उगाच सुईची रबराची मूठ चाचपली.

"द्या ती इकडे," काकू म्हणाल्या. "शेपूट राहिलंय."

त्यांनी सुई डाव्या हातात घेतली. बोटं पूर्ण मिटत नव्हतीच, पण मूठ जाड होती, तेवढी मिटायची गरजही नव्हती. सुई सटकली नाही. एक टाका. थांबल्या, श्वास घेतला, दुसरा टाका. शेपूट झालं ते आखूड आणि गाठाळ, नवशिक्याने केल्यासारखं. काकू मात्र पहिलं बक्षीस मिळाल्यासारख्या हसत होत्या.

"एक सांगायचं राहिलं," मिस्त्री म्हणाले. "डेपोतल्या एका ड्रायव्हरने तुझे आभार मानलेत. सशाबद्दल. म्हटलं होतं, पोचवतो."

"मग इतके दिवस?"

"त्याबरोबर माझेही द्यायचे होते. जमत नव्हतं."

"तुमचे? कशाबद्दल?"

"सगळ्याबद्दल," मिस्त्री म्हणाले. "आता एकेक विचारत बसू नकोस."

काकूंनी विचारलं नाही. शेपटाचा दोरा दातांनी तोडला, हत्ती टीव्हीवर बसवला आणि डब्यातून पिवळ्या लोकरीचा नवा गुंडा काढला. मिस्त्री स्टूल उचलून स्वयंपाकघराकडे निघाले.

"ते कुठे नेताय?" काकू म्हणाल्या. "ठेवा तिथेच. आणि बसा."