न वाचलेल्या जागा

दादाचे दिवस झाले आणि अण्णांनी, माझ्या वडिलांनी, दुकानाचं शटर वर केलं. दुकान म्हणजे आमचा फोटो स्टुडिओ. अण्णांनी पासपोर्ट फोटो काढून तो चालवला, दादानं, माझ्या मोठ्या भावानं, लग्नांचं शूटिंग घेऊन तो वाढवला. एका मंगल कार्यालयाबाहेर सामान गाडीत चढवताना दादा खाली बसला, तो उठलाच नाही. मी गारगोटीहून पोचले तोवर सगळं संपलं होतं. तेव्हापासून मला काहीच वाटत नव्हतं. बायका गळ्यात पडून रडायच्या आणि मी त्यांच्या खांद्यावरून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहायचे. मागं कुजबुज चालायची, "सख्खा भाऊ गेलाय, आणि ही बघा, दगडासारखी बसलीया." मला ते ऐकू यायचं. राग यायला हवा होता, तोही येत नव्हता.

वहिनीनं मला स्वयंपाकघरात गाठलं. तिचं माहेर शाहूवाडीकडचं, बोलणं सरळसोट.

"वन्सं, तुमास्नी कॉम्प्युटरचं कळतंय न्हवं?"

मी गारगोटीला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. त्यामुळं आमच्या घरात टीव्हीचा रिमोट बिघडला तरी मलाच फोन येतो. मी हो म्हणाले.

"मग मला ह्येंचा आवाज काढून द्या."

तिच्या फोनवर दादाचे आवाजी निरोप होते, पण ते सगळे "निघालो" नाहीतर "गेट उघड" एवढेच. तेच ऐकून ऐकून ते शब्द आता तिला कुणाचेच वाटेनात. दादा जन्मभर कॅमेऱ्याच्या मागं राहिला, त्यामुळं तो कुठल्याच चित्रात नाही. लग्नाच्या तयार फिल्ममध्ये तर त्याचा आवाज काढून वर गाणं घातलेलं असतं. तो बोललेला सापडला असता तो फक्त कच्च्या शूटिंगमध्ये, आणि दादानं कच्चं शूटिंग कधीच पुसलं नव्हतं. दुकानातल्या टेबलाखाली एक काळी पेटी होती, तिच्यात ते सगळं होतं.

पेटीत चार डिस्क, आणि त्यांची मोट बांधणारं एक सॉफ्टवेअर. प्रत्येक गोष्ट चौघींत अशी वाटून ठेवलेली की एखादी गेली तरी उरलेल्या तिघींवरून तिचा वाटा हिशेबानं काढता येतो. दादानं ती स्वतः जुळवली होती आणि मला फोनवर कौतुकानं सांगितलं होतं, "एक मेली तरी कळणार न्हाय बघ."

अण्णांनी मेन स्विच चढवला. पेटी सुरू झाली आणि तिनं सांगितलं, एक डिस्क बिघडली म्हणून कामातून बाहेर काढली आहे. मी म्हटलं ठीक, याचसाठी तर चार असतात. नवी डिस्क आणली, बसवली, आणि उरलेल्या तिघींवरून नवी भरायचं काम सुरू झालं. मी खुर्चीत बसून आकडा सरकताना बघत होते. घरी जाऊन माणसांत बसण्यापेक्षा ते बरं होतं. अर्ध्याच्या आसपास गाडी अडली. उरलेल्या तिघींतल्या एकीला एक जागा वाचता येईना. मग दुसरी. मग पेटीनं हात वर केले.

ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, फॉरमॅट मारा, नवीन चालू करा की." आपल्याकडं यंत्राच्या कुठल्याही आजाराला दोनच औषधं, बंद करून चालू करा नाहीतर फॉरमॅट मारा. त्याला मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. दादा गेल्यापासून मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं असेल तर तो हा राग, आणि तोही फोन ठेवेपर्यंतच टिकला.

वहिनी दारात उभी होती. "गेलं काय सगळं?" तिनं विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. तिला खोटा धीर द्यावा एवढंही माझ्यात नव्हतं.

डिस्कची एखादी जागा खराब होणं ही नवलाची गोष्ट नाही, ते होतच असतं. एरवी सॉफ्टवेअर काय करतं, तर बाकीच्या तिघींना विचारतं, हरवलेलं हिशेबानं काढतं आणि त्याच जागी परत लिहून टाकतं. ती जागा अगदीच कामातून गेली असेल तर डिस्क आपल्याकडची राखीव जागा वापरते. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पण त्यासाठी कुणीतरी ती जागा वाचायला तर पाहिजे. एकदा लग्नाची फिल्म पोचती झाली की कच्च्या शूटिंगकडं कोण बघतंय? म्हणून महिन्यातून एकदा पेटी स्वतःच सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढते आणि जिथं अडतं तिथं दुरुस्त करते. दादाच्या पेटीवरही ते लावलेलं होतं, मी बघितलं. मग एवढ्या जागा नासेपर्यंत हिला कळलं कसं नाही, ते मला उमगेना.

मी आता एकेक डिस्क वेगळी काढून तिची नक्कल करायला लागले. या कामात घाई चालत नाही. जे सहज वाचता येतं ते आधी उचलायचं, जिथं अडेल ती जागा सोडून पुढं जायचं, आणि सगळं उचलून झालं की मागं येऊन सोडलेल्या जागांवर परत परत प्रयत्न करायचा. मूळ डिस्कवर काहीही लिहायचं नाही. पेटीनं बाहेर काढलेली डिस्कही मी टाकली नव्हती. ती मेलेली नव्हती, अडखळत होती एवढंच.

पहिल्या दिवशी संध्याकाळी दिवेलागणीनंतर अण्णा दुकानात आले. कपाटाला कुलूप घातलं, देवाच्या फोटोला हात जोडले, आणि मी समोर बसलेली असताना, रोजच्या सवयीनं, मेन स्विच खाली ओढला. सगळा काळोख.

"अण्णा!" मी ओरडले. "काम चाललंय!"

"अगं, दुकान बंद करायची येळ झाली की," अण्णा अंधारातून म्हणाले. "रोज करतो. शेजारचं दुकान जळालं तवापासनं एक दिवस चुकवल्याला न्हाय. रात्री हितं कोण हाय बघायला?"

नकलेचं काम थांबलं तिथून परत सुरू होतं, म्हणून नुकसान काही झालं नाही. पण पेटीला कळलं कसं नाही, ते मला तिथंच उमगलं. दादानं पेटीची तपासणी जशी मुळात येते तशीच ठेवली होती, महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री, सगळे झोपल्यावर. आणि रोज रात्री दादा पेटी नीट बंद करायचा, अण्णा मेन ओढायचे, स्विचबोर्डला हात लावून तो कपाळाला लावायचे आणि दोघं घरी जायचे. ती तपासणी एकदाही झाली नव्हती. दुकानाला आग लागू नये म्हणून एक माणूस जपत आला, आणि त्या जपण्यातच डिस्क आतून नासत राहिल्या.

मी अण्णांना सांगितलं नाही. मुलगा गेलेल्या माणसाला आणखी हे कशाला? मी एवढंच म्हणाले, "अण्णा, काही दिवस मेन चालू राहू दे. वहिनीचं काम आहे."

अण्णांनी चाचपडत स्विच परत वर चढवला. मग घरी जाऊन सतरंजी आणि उशी घेऊन आले. "मग मी बसतो हितंच," म्हणाले. "चालू ठिवून जायाला जमायचं न्हाय मला." नक्कल पुरी होईपर्यंत ते काउंटरमागं झोपले.

चौघींच्या नकला झाल्या. एकीची नासलेली जागा दुसरीत बहुतेक शाबूत होती. दोघींची एकाच ठिकाणी गेली होती असं फार कमी निघालं. अडखळणारी ती डिस्क नसती तर मात्र पुष्कळ गेलं असतं. नकलांवरून मी सगळं परत जुळवलं. काही लग्नांत मध्येच चित्राचे चौकोन होतात, एक साखरपुडा अर्ध्यावर संपतो, बाकीचं आहे. वहिनीला बोलावलं तेव्हाही मला आनंद वगैरे झाला नव्हता. काम झालं होतं, एवढंच.

ती दुपारची आली, पदर खोचून, जणू निवडणटिपण करायचंय. आम्ही परक्यांची लग्नं बघत बसलो. दादाचा आवाज यायचा, पण तोही तुकड्यातुकड्यानं. "हिकडं बगा." "हार जरा वर घ्या." "पावणं, मधनं बाजूला व्हा की." प्रत्येक वेळी वहिनी मान हलवायची आणि म्हणायची, "व्हय. फुडं." ती आणखी कशाची तरी वाट बघत होती, आणि कशाची ते तिलाही सांगता आलं नसतं.

मग एक पाठवणी आली. नवरी गाडीत बसलेली, बायका रडतायत, आणि नवरीचा बाप बाजूला ताठ उभा. दोन्ही हात मागं, जबडा आवळलेला, नजर सरळ कॅमेऱ्यात. गाडी हलली तरी तो तसाच. कॅमेरा त्याच्यावर बराच वेळ थांबला.

मग अगदी जवळून दादाचा आवाज आला, हळू. "मामा, कॅमेरा बंद केलाय मी."

आणि चित्र खाली कललं. त्यानं कॅमेरा बंद केला नव्हता, नुसता खाली घेतला होता. पडद्यावर आता फरशी, तुडवलेल्या अक्षता आणि दादाचे धुळीनं भरलेले बूट. मग हुंदका फुटल्याचा आवाज आला, पुरुषाचा, ओबडधोबड.

"व्हय, व्हय," दादा म्हणाला. "रडा. घ्या रडून. कोण बगत न्हाय."

माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो मला माझा वाटला नाही. मी टेबलावर डोकं टेकलं आणि रडायला लागले, मोठ्यानं, दुकानाचं दार उघडं होतं तरी. वहिनीनं वळून बघितलं नाही. पडद्यावरची नजर न काढता तिनं हात मागं करून माझा हात चाचपला आणि धरून ठेवला. समोर दादाचे बूट जागचे हलले नाहीत. त्या माणसाचं रडून होईपर्यंत तो तिथंच उभा होता.