पाना धरायला माणूस

गाडीवाले नाना कुणाच्याही दाराची बेल वाजवत नसत. काम असलं की ते खाली कंपाउंडमध्ये त्या बिऱ्हाडाच्या खिडकीखाली येऊन उभे राहत आणि खाकरत. एकदा खाकरून भागलं नाही तर जरा थांबून पुन्हा. तेवढ्यात खिडकीत कुणी डोकावलं तर ठीक, नाहीतर काम पोटात घेऊन परत जात. दूधवाला चुकून त्यांची पिशवी आमच्याकडे टाकून गेला, तर नाना त्या दिवशी कोरा चहा पीत. पण वर येऊन दोन शब्द विचारणं त्यांच्या जिवावर येई. याला इमारतीत कुणी माज म्हणत, कुणी भिडस्तपणा. मी लग्न होऊन आले तेव्हा माजाच्या पक्षात होते.

आमची इमारत गोरेगाव पूर्वेला, आरे कॉलनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. वारा फिरला की तबेल्यांचा वास थेट स्वयंपाकघरात. नाना तळमजल्यावर एकटे राहायचे. पन्नाशी गाठलेली, लग्न केलेलं नाही, नोकरी औषधांच्या कारखान्यात मेंटेनन्स खात्यात. जिन्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची गाडी असे. लाल, दोनच माणसांची, विलायती आणि इतकी बुटकी की आत शिरायचं म्हणजे जवळजवळ मांडी घालून बसायचं. त्या काळात रस्त्यावर मोटारींच्या दोन-तीन जाती दिसत आणि त्या सगळ्या चपातीच्या डब्यासारख्या. त्यांत ही लाल भवानी कुठून आली, असं नवीन माणसाला वाटायचंच. मलाही वाटलं होतं. पण विचारणार कुणाला? नाना खाकरण्यापलीकडे बोलत नसत.

माणसांशी नव्हे, गाडीशी मात्र भरपूर बोलत. आणि तेही मालवणीत. आमच्याशी "हो वहिनी", "बरं वहिनी" असं शाळेतलं मराठी आणि बॉनेटमध्ये डोकं घातलं की, "काय झाला गो बाय तुका? कित्याक रुसलंस?" माझ्या सासूबाई मालवणच्याच. त्या गॅलरीत तांदूळ निवडत हे ऐकत बसायच्या आणि गालात हसायच्या. "घरात कोण असता तर ह्या सगळा तिका ऐकवल्यान असता," असं एकदा त्या म्हणाल्या. मग बराच वेळ तांदूळच निवडत राहिल्या.

माझा नवरा तेव्हा मस्कतला होता. लग्नानंतर पाच महिन्यांत तिकडे गेला. तिथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून शुक्रवारी त्याचा फोन यायचा, आणि त्या फोनसाठीच आम्ही घरात फोन घेतला होता. पण फोन आमचा असला तरी तो सगळ्या इमारतीचा पी.पी. नंबर होता, म्हणजे शेजाऱ्यांचे फोनही आमच्याकडेच यायचे. कुणाच्या मुलीला पाहायला येणार, कुणाचे सासरे गेले, सगळं आधी मला कळायचं. लोकांच्या बातम्या पोचवायला जिने चढायचे-उतरायचे आणि शुक्रवारी आपल्या फोनशेजारी बसून राहायचं, असे माझे दिवस चालले होते. त्याची मला चीड यायची, हे कबूल करते.

असाच एकदा पावसाळा संपताना अमेरिकेहून फोन आला. नानांचा धाकटा भाऊ, बाळ. मी खिडकीतून हाक मारली आणि नाना पहिल्यांदा आमच्या घरात आले. चपला दाराबाहेर, हात फडक्याला पुसलेले, तरी रिसीव्हर दोन बोटांनी धरलेला. समुद्रापलीकडे आवाज जायचा म्हणून ओरडत होते. "होय रे. होय. डिसेंबरात? सगळी येतंत? ... गाडी? चालू आसा मरे. येकदम चालू."

फोन ठेवल्यावर ते तिथेच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "वहिनी, मी खोटं बोललो. ती चालू नाही."

त्या दिवशी गाडीची गोष्ट कळली. वकिलातीतला कुणी साहेब मायदेशी जाताना ती मोडीत काढून गेला होता. तेव्हा बाळ इंजिनिअरिंगला. दोघा भावांनी ती टेम्पोमागे दोराने ओढत आणली आणि चार वर्षं खपून जिवंत केली. वरून नाना, खालून बाळ. मग बाळ अमेरिकेला गेला. जाताना म्हणाला, "नाना, गाडी चालू ठेय. मी इलंय काय दोघव मालवणाक जावया." त्यावर इतकी वर्षं नाना ती चालू ठेवत आले होते. रोज पुसायची, रविवारी इंजिन सुरू करायचं, आरेच्या गेटपर्यंत एक फेरी मारून यायचं. पण आता तिचं तेल गळत होतं.

त्यांनी मला ते समजावलंही, कधी नव्हे ते मोकळेपणाने. या गाडीचं इंजिन तापट. त्यातलं गरम तेल एका नळीने पुढे जातं, तिथल्या जाळीत गार होतं आणि दुसऱ्या नळीने माघारी येतं. त्या जाळीला म्हणायचं ऑइल कूलर. दोन्ही नळ्यांचं रबर जुनं होऊन तडकलं होतं. तशीच मालवणपर्यंत नेली तर पनवेल यायच्या आत इंजिन जळणार.

विलायती नळ्या इथे कुठल्या मिळायला. नानांनी सुतळी घेतली, जुनी नळी जिथून जिथून वळत जाते तिथून ती फिरवली, दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि ती सुतळी घेऊन नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात गेले. कारखान्यातल्या मशीनला लागतात तसल्या जाड, तारेची जाळी असलेल्या नळ्या त्या मापाने कापून, टोकांना नट बसवून आणल्या. इथवर सगळं एकट्याने जमलं. अडलं ते पुढे.

कूलरची मान नाजूक असते. नळीचा नट नुसता एका पान्याने फिरवला तर त्याबरोबर मानही पिळवटते आणि तुटते, मग कूलर मोडीत. म्हणून दोन पाने लागतात. एकाने मान घट्ट धरून ठेवायची, दुसऱ्याने नट फिरवायचा. मान धरायची खालून, नट फिरवायचा वरून. नानांना दोनच हात आणि तेही एकाच बाजूला. ते दोन रविवार मी खिडकीतून बघत होते. खालचा पाना त्यांनी सुतळीने एक्सलला बांधला, वर आले, जोर लावला, सुतळी सुटली. पुन्हा बांधला. पुन्हा सुटली. तिसऱ्या वेळी हात सटकून बोटांची सालं निघाली आणि खालून कर्र असा आवाज आला; मान थोडक्यात वाचली. नानांनी पाना ठेवला आणि गाडीच्या चाकाला पाठ लावून बसून राहिले. शेजारी-पाजारी इतकी माणसं, पोरांचं क्रिकेट चाललेलं. एक हाक मारली असती तर चार जण आले असते.

त्या दिवशी संध्याकाळी आमची बेल वाजली. दारात नाना, बोटांना चिंध्या बांधलेल्या. आधी सवयीने खाकरले. मग म्हणाले, "वहिनी, एक पाना धरायचा होता. कुणी... म्हणजे मस्कतहून साहेब आले असते तर त्यांना म्हटलं असतं."

मी काही बोलायच्या आत सासूबाई आतून म्हणाल्या, "जा गो, धर जा. त्येका कोण आसा?"

नवऱ्याची जुनी पँट आणि शर्ट घालून पुढच्या रविवारी मी त्या गाडीखाली आडवी झाले. गाडी लाकडी ठोकळ्यांवर उचललेली. मी विचारलं, "नाना, अंगावर नाही ना यायची?" वरून उत्तर आलं, "यायची असती तर बाळच्या अंगावर आली असती." मग पाना कसा लावायचा ते दाखवून म्हणाले, "तुम्ही काही करायचं नाही. फक्त हलायचं नाही." घरात, शाळेत, सासरी, माहेरी, सगळीकडे मला सतत काहीतरी करायला सांगितलेलं. काही न करण्याची कामगिरी मला पहिल्यांदाच मिळत होती आणि ती फार कठीण निघाली. वरून जोर आला की खालचा पाना हातातून निसटू पाहतो. दात आवळून धरून ठेवायचं. तोंडावर तेलाचे थेंब. पहिला नट सुटला तेव्हा नाना वरून "सुटलो रे बाळ" म्हणाले. म्हणून गेले आणि लगेच पुढच्या नटाला पाना लावला. मीही ऐकलं नाही असं केलं.

नव्या नळ्या चढवताना मात्र त्यांनी मला पान्याला हात लावू दिला नाही. नवा नट आधी बोटांनीच फिरवायचा, आटे एकमेकांत नीट बसले असं बोटांना कळेपर्यंत. "आधी हाताने. पाना मागाहून," हे त्यांचं पालुपद. घाई करून पाना लावला की आटे तिरके बसतात आणि कायमचे बिघडतात. पुढे मी शाळेत शिकवायला लागले; नव्या वर्गावर ते वाक्य मला अजून उपयोगी पडतं.

ते काम चार रविवार चाललं. इमारतीला चघळायला विषय मिळाला, हे सांगायला नको. सेक्रेटरींच्या बायकोने मला नळावर गाठून विचारलं, "काय गं, गॅरेज काढलंस म्हणे?" मी म्हटलं, "हो ना. तुमची स्कूटर पाठवा, पहिली सर्व्हिस फुकट." पुन्हा कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर त्या रविवारांची मी वाट बघायला लागले होते. गाडीखाली पडून वरच्या माणसाशी बोलणं सोपं जातं, तोंड दिसत नाही. मस्कतचा फोन आता तीन मिनिटांतच संपतो, हे मी नवऱ्यालाही म्हटलं नव्हतं, ते नानांना सांगितलं. ते नुसतं "हं" म्हणाले. तेवढं मला पुरलं.

डिसेंबर लागला. बाळ रविवारी मुंबईत येणार होता, बायको-मुलांसकट. नानांनी आठवडाभर रजा टाकली. मुलं कुठे बसणार हा प्रश्न त्यांनीच काढला आणि त्यांनीच मिटवला, "त्यांना एस.टी.ने पाठवू, आम्ही दोघे हिच्यातून." रविवारी सकाळपासून गाडी शेडबाहेर काढून धुतलेली, टाकी भरलेली, नाना इस्त्रीच्या शर्टात. सासूबाईंनी घावन्यांसाठी तांदूळ वाटून ठेवलेले.

अकराच्या सुमाराला आमचा फोन वाजला.

"वहिनी ना? मी बाळ. नानाला निरोप द्याल का? आम्ही गोव्यात आहोत. दिल्लीहून डायरेक्ट इथेच आलो, मुलांना बीच हवा होता. परवा परत दिल्लीहून फ्लाइट आहे, त्यामुळे मुंबई काही जमत नाही या वेळी."

मी म्हटलं, "थांबा, ते खालीच आहेत. बोलावते, तुम्हीच सांगा."

"नको, नको, हॉटेलचा फोन आहे, मागे लोक उभे आहेत. नेक्स्ट टाइम नक्की म्हणावं."

आणि फोन बंद. मी आजवर इमारतीतल्या मरणाच्या बातम्या पोचवल्या होत्या, पण हा निरोप घेऊन उतरताना मी जिन्यात दोनदा थांबले. घोळात घोळ नको म्हणून मी सरळ सांगून टाकलं. गोव्यात आहेत. येत नाहीत. पुढच्या वेळी नक्की.

"बरं," नाना म्हणाले. मग शर्टाची बाही नीट करत विचारलं, "गाडीचं विचारलं का त्याने?"

खोटं बोलणं माझ्या तोंडात येऊन गेलं. पण चार रविवार ज्याच्याबरोबर नीट काम केलं त्याला खोटं काय सांगायचं? "नाही विचारलं, नाना."

 पोरांचा बॉल येऊन टायरला लागला, तो त्यांनी उचलून परत टाकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "टाकी भरलीय, वहिनी. बसता?"

वर गॅलऱ्यांमधून किती डोळे होते ते मला माहीत होतं. मी दार उघडून बसले.

आरेच्या आत दाट झाडीतून गाडी पळाली तेव्हा तिचा आवाज फार सुंदर लागत होता. नाना रस्त्याकडे कमी आणि तेलाचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे जास्त बघत होते. काटा जागचा हलला नाही. चढ संपला तिथे त्यांनी गाडी बाजूला घेऊन पुढची चाकं कडेच्या उंचवट्यावर चढवली, इंजिन चालूच ठेवलं, खाली उतरून वाकून पाहिलं.

"एक थेंब नाही," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "बाळ खाली झोपून बघायचा. त्याने बघितल्याशिवाय मला खरं वाटायचं नाही."

माझ्या अंगावर त्या दिवशी बरी साडी होती. मी पदर खोचला आणि त्या रस्त्यावर आडवी होऊन गाडीखाली सरकले. दोन्ही नळ्या शेवटपर्यंत बोटाने चाचपल्या. नट पाहिले, कूलरची मान पाहिली. सगळं कोरडं होतं.

"कोरडं आहे, नाना," मी खालून ओरडून सांगितलं.

वरून कसलासा आवाज आला. इंजिनाच्या आवाजात आधी मला कळलं नाही, मग कळलं. नाना रडत होते, मोठ्याने, लहान मूल रडतं तसे. मला बाहेर यायला काहीच अडचण नव्हती. पण आपण बाहेर आलो की ते लगेच थांबतील, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी हलले नाही. त्यांचं पुरतं रडून होईपर्यंत त्या कोरड्या नळ्या पुन्हा पुन्हा तपासत खालीच पडून राहिले.