मिथेन खाणाऱ्यांचा उपास

आमच्या पवईच्या लॅबमध्ये रिझल्ट कमी आणि किस्से जास्त निघतात. पेपर किस्स्यांवर छापून येत असते तर मी एव्हाना प्रोफेसर झाले असते!

मी मिथेन खाणारे जंतू वाढवते. कचऱ्याच्या डोंगरातून निघणारा हा वायू हवा तापवतो. तो आमच्या जंतूंनी खायचा, आणि खाऊन माजले की त्यांना सुकवून माशांचं खाद्य करायचं. ऐकायला झकास, फक्त ते जगायला हवेत ना!

हे जंतू चिखलात राहतात, म्हणून पहिला चिखल मी दहिसरच्या खाडीतून आणला, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, आणि सोमवारपर्यंत घरच्या फ्रिजमध्ये ठेवला. रविवारी बाबा हातात पुरी घेऊन डबा उघडून उभे! तेव्हापासून घरी श्रीखंड आलं की पहिला चमचा मला खावा लागतो.

मग महिनाभर काही वाढेचना. रोज प्रेमाने मिथेन भरायचे, बाटल्या घट्ट बंद. हे जंतू खातात मिथेन, पण श्वासाला त्यांना हवा लागते, आणि ती मी शहाणीने आधीच काढून टाकलेली. माझे गाईड सर शांतपणे म्हणाले, "ताट वाढलंस, पण नाक दाबून."

आई स्थळांना सांगायची, मुलगी सायन्समध्ये आहे. घाटकोपरच्या स्थळासमोर मी जंतूंचं कौतुक सुरू केलं, तर मुलाच्या आईने पोह्यांची बशी खाली ठेवली. आई आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही.

बाटल्यांत हवा सोडली, तरी जंतू रेंगाळलेलेच. शेवटी सरांनी बजावलं, दसऱ्यापर्यंत वाढ दिसली नाही तर विषय बदलायचा. म्हणजे इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात! नवरात्रात बाटल्या जराशा गढूळ झाल्या आणि मी हवेत. तेवढ्यात खंडेनवमी आली. माझा लॅबमधला जोडीदार नितीन वाकोल्याचा, आजोबा गिरणीत. त्याचं म्हणणं, पूजा करायची तर यंत्राला सुट्टी द्यायचीच. बाटल्या हलवणाऱ्या मशीनला हार मीच घातला, बटणही मीच बंद केलं. दसऱ्याला सकाळी बघते तर सगळे जंतू तळाला, वर नितळ पाणी. वाट लागली! मला रडूच फुटलं.

तेवढ्यात सर आले आणि त्यांच्या मागोमाग शिऱ्याचा डबा घेऊन आई. सर बाटल्यांकडे बघत राहिले. आई माझा चेहरा बघून पुढे झाली. "नवरात्र ना सर, उपास धरला असेल त्यांनी. आज सुटेल."

सरांनी मशीनवरचा हार काढला, बटण चालू केलं आणि दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाले. दिवाळीपर्यंत बाटल्या छान दुधाळ झाल्या, विषय वाचला.

परवा मुलुंडचं स्थळ आलं. मुलाच्या वडिलांनी विचारलं, मुलगी काय करते? मी शहाण्यासारखी पोह्यांत मान घातली. आई ताठ बसली.

"मिथेन खाणारे जंतू पाळते. तुमचा मुलगा काय पाळतो?"